घंटा वाजली तेव्हाचा फोटो

आमचे दाजी फोटोग्राफर आहेत म्हटलं की लोक म्हणतात, वा, काय मजेचं काम! मजा कसली डोंबलाची. हिवाळ्यात काचेच्या छतावरचा बर्फ झाडल्याशिवाय स्टुडिओत उजेड येत नाही, आणि झाडायला कोण? तर मी. फोटो धुवायच्या औषधांच्या वासानं घरातल्या सुपाला चव उरलेली नाही. आणि दाजींचं म्हणाल, तर तीस वर्षं माणसांना 'हलू नका, हलू नका' सांगून तो माणूस इतका थकलाय की घरी बोलायलासुद्धा त्याच्यात जीव राहत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, झोसिमा पंक्रातिच. बहीण बाळंतपणात गेली. तान्ही अन्फिसा मागे राहिली, तिला सांभाळायला म्हणून मी चार महिन्यांसाठी ह्या शेक्स्ना नदीकाठच्या गावात आले आणि इथलीच झाले. लग्न राहिलं ते राहिलंच. पोर सांभाळता सांभाळता रिटचिंग शिकले. खिडकीशी बसायचं, ज्या काचेवर फोटो उमटतो ती उजेडात धरायची आणि टोकदार पेन्सिलीनं पोस्टमास्तरीणबाईंच्या गळ्याच्या वळ्या घालवायच्या. बाईंच्या वळ्या गेल्या, माझे डोळे गेले. आता सुईत दोरा ओवायचा तर शेजारणीला हाक मारावी लागते.

दाजींनी ह्या गावातलं काय म्हणून टिपायचं ठेवलं नाही. फायर ब्रिगेडवाले पितळी टोप घालून, नगरसभेचे सभासद पोटं आत ओढून, मठातल्या साध्वी, नवरानवरी, सुट्टीवर आलेले शिपाई. आणि मेलेली माणसं. आमच्याकडे शवपेटी चर्चबाहेर ठेवून सगळं कुटुंब भोवती उभं करून फोटो काढतात. एकदा असाच एक म्हातारा पेटीत होता आणि दाजी सवयीनं त्यालाच म्हणाले, "हलू नका हं." घरच्यांनी ऐकलं, पण हसलं कुणी नाही. दाजींच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

अन्फिसा ह्या सगळ्यात वाढली. कॅमेऱ्याची नजर जुळवायला कुणीतरी समोर उभं लागतं, आणि फुकटात मिळणारं माणूस घरात एकच. चालायला लागल्यापासून ती त्या कागदी लगद्याच्या खांबाशी उभी राहायची. बाकीची पोरं बाहेर घसरगाडीवर आरडाओरडा करतायत, आणि ही नाकावर माशी बसली तरी ढिम्म. दाजींना त्याचं कौतुक. मला मात्र ते बघवायचं नाही. लहान मुलानं इतकं स्थिर राहू नये.

पुढे ती शिकली, परीक्षा पास झाली, आणि चर्चच्या शाळेत मास्तरणीची जागा निघाली. शाळेला लागून खोली, सरपण, स्वतःची चूल. मला दुसरं काही नको होतं. जागा मिळाली नाही तर पोर माझ्या खिडकीशी बसणार, माझी पेन्सिल हातात घेणार, आणि पुढे कधीतरी तीही शेजारणीला सुईसाठी हाक मारणार. मी देवापुढे दिवा लावून एकच मागत होते: हिला ह्या घराबाहेर काढ.

फादर येव्लाम्पींचा होकार होता. अडलं होतं ते शाळेच्या विश्वस्तांपाशी. ते म्हणजे निकांद्र लुकिच पोदोश्विन, कातड्याचे व्यापारी. गाडाभर माणूस आणि गाडाभर राग. दोन वर्षांपूर्वीच्या दंग्यांत त्यांच्या गोदामाला आग लागली होती, तेव्हापासून शिकलेलं माणूस दिसलं की शेठच्या कपाळाला आठी. "मास्तर म्हणजे नास्तिक," हे त्यांचं ठरलेलं.

त्याच उन्हाळ्यात शेठनी चर्चला नवी घंटा दिली. जुनी तडकली होती, कितीतरी वर्षं नुसती खडखडत होती. नवी नदीतून पडावावर आली तेव्हा अख्खं गाव दोर ओढायला धावलं. बायकांनीही ओढला, मीही ओढला, हाताची सालटं निघाली. घंटा मनोऱ्यात चढली आणि शेठ म्हणाले, ती वाजायच्या आधी सगळ्या गावाचा फोटो हवा, मधोमध ते आणि फादर. घंटावाला पीमेन वर उभा. त्याला निरोप होता, फोटो झाला की वाजव.

मोठ्या मापाची काच त्या दिवशी एकच हाताशी होती, आणि त्या मापाचा आमचा कॅमेरा जुना. इतका घोळका घ्यायचा तर भिंगावरचं झाकण काढून चारपाच श्वास थांबावं लागे. दाजींनी सगळ्यांना जागा दिल्या, अन्फिसाला कडेला उभी करून तिच्यावर नजर जुळवली आणि ओरडले, "आता काहीही झालं तरी हलायचं नाही. वीज पडली तरी हलायचं नाही!"

झाकण निघालं. वरून पीमेनला दिसलं, झाकण निघालं. त्या शहाण्याला वाटलं, झालं.

काय आवाज होता तो! पायाखालची जमीन थरथरली. इतक्या वर्षांनी घंटा बोलली, आणि वीज नाही पडली, हे झालं. डोक्यावरच्या टोप्या उतरल्या, क्रूसाची खूण करायला हात कपाळाशी गेले, माना लवल्या. माझा गेला, फादरांचा गेला, शेठचा तर सगळ्यांत आधी. कुणी रडत होतं. दाजी झाकण हातात धरून तसेच उभे, आणि तोंडावर असे भाव की कुणी थोबाडीत मारली असावी.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः जिना चढून आले. "दाखव."

"मालक, बिघडलाय. लोक हलले."

"दाखव म्हणतो ना!"

दाजींनी ओला छाप पुढे धरला. चर्च स्वच्छ आलं होतं, मनोऱ्यातला पीमेनसुद्धा ठिपक्याएवढा दिसत होता. खाली मात्र माणसांच्या जागी नुसतं धुकं. शेठ कोण, फादर कोण, ओळखायची सोय नाही. आणि कडेला एकटी अन्फिसा, पापणीन् पापणी मोजावी अशी.

शेठनी छाप डोळ्यांजवळ नेला. "घंटा दिली मी," ते म्हणाले, "आणि फोटो हिचा?"

मला हसू आलं होतं, ते मी गिळलं. बरं झालं गिळलं. कारण पुढचं शेठना हळूहळू सुचलं, आणि सुचलं तसा चेहरा लाल होत गेला. "घंटा वाजली आणि हिचा हात हलला नाही. सगळ्या गावानं क्रूसाची खूण केली. हिनं नाही! बोलाव तिला."

अन्फिसा मागच्या खोलीत काचा धूत होती. ओल्या हातांनी आली.

"घंटा ऐकू आली नाही का ग तुला?"

"आली."

"मग?"

"बाबांनी सांगितलं होतं, हलायचं नाही."

"बाप मोठा की देव?"

आता गप्प बसायचं की नाही? खाली मान घालायची, चुकलं म्हणायचं. पण आमची बया! "झाकण निघाल्यावर बाप," म्हणाली. थट्टेत नाही हो, जे खरं तेच सांगितलं. शेठबरोबर आलेला कारकून फिसकन हसला, आणि संपलंच सगळं. शेठनी छाप घडी करून खिशात घातला आणि जिना उतरून गेले.

मी पोरीला काय काय बोलले ते सांगत नाही. ती काचा धूतच राहिली. दाजी म्हणाले, "उस्तिन्या, पुरे." एवढंच.

मी फादरांकडे गेले. ते मधमाश्यांच्या पेट्यांपाशी बसले होते, चेहऱ्यावरची जाळी वर करून. तेही दमलेले. ह्या गावात दमलेलं नाही असं कोण आहे?

"पोरगी कशी आहे ते मला ठाऊक आहे, उस्तिन्या," ते म्हणाले. "पण शेठ तो फोटो घरोघर दाखवत फिरतायत. मी तोंडानं सांगणार आणि ते कागद दाखवणार. लोक कागदाचं ऐकतात."

"मग काय करायचं, फादर?"

त्यांनीच तोड काढली. नवी काच मागवून रविवारी पुन्हा फोटो घ्यायचा. घंटा वाजेलच, पण त्याच्या आधी सगळ्यांनी बोटं कपाळाला लावून थांबायचं, म्हणजे क्रूसाची खूण करतानाचा फोटो येईल आणि कुणी पुसटही होणार नाही. अन्फिसा पुढच्या रांगेत, शेठच्या शेजारी. शेठना ते पटलं. त्यांना स्वतःचा चेहरा हवाच होता.

दाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली ओली काच सुकायला ठेवली. मग म्हणाले, "खूण करताना कुणी थांबतं का? थांबलं तर ती खूण कसली, ती पोझ झाली."

"असू दे पोझ. पोरीला जागा मिळतेय ना?"

"त्या दिवशी सगळे खरे होते, उस्तिन्या. म्हणून तर धुकं आलं. आता हे लोक खोटं करणार आणि ते लख्ख येणार. आणि तिला मी त्यांच्यात उभी करायची?"

"दाजी, तुम्ही रोज पोस्टमास्तरीणबाईंना तरुण करता. तेव्हा नाही खोटं?"

ते उठून कॅमेऱ्याचं भिंग पुसायला लागले. वळ्या तर मीच घालवत होते, पण बोलून टाकलं.

रविवारी प्रार्थना संपली. लोक पायऱ्यांवर उभे राहिले, पण त्या दिवसाचा उत्साह नव्हता. उकाडा होता, माश्या होत्या, घरी भाकऱ्या करपत होत्या. "बोटं कपाळाला!" दाजी ओरडले. तीन बोटं जुळवून सगळ्यांनी लावली. मी तर खरं सांगते, खांदा भरून आला एवढंच माझ्या मनात होतं. शेजारची न्हाव्याची बायको दातांतून पुटपुटत होती, "लवकर कर रे बाबा, लवकर कर." शेठनी दाढी पुढे काढली होती. अन्फिसा त्यांच्या बाजूला, बोटं कपाळावर, नेहमीसारखी ढिम्म.

दाजी काळ्या कापडाखाली शिरले ते कितीतरी वेळ बाहेर येईनात. बाहेर आले तेव्हा डोळे लाल झालेले. काचेची चौकट लावली, झाकण काढलं, थांबले, लावलं. "झालं," म्हणाले.

शेठ खूश झाले. सगळ्यांच्या देखत अन्फिसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऑगस्टातले उपास चालू व्हायच्या आत खोलीची किल्ली घेऊन जा, मास्तरीणबाई." मी तिथेच पायरीवर बसले. पोर सुटली, एवढंच डोक्यात घुमत होतं.

सोमवारी दाजी शेठकडे जाऊन आले. काच फुटली म्हणून सांगितलं. शेठनी शिव्यांची लाखोली वाहिली, मोठ्या शहरातून चांगला फोटोग्राफर आणीन म्हणाले, तुझ्या दारात पाय ठेवणार नाही म्हणाले. पण दिलेला शब्द फिरवला नाही. गावासमोर दिला होता ना.

मी म्हटलं, "फुटली? मला तर कुठे तुकडा दिसला नाही."

दाजी कोट काढून काळोख्या खोलीत शिरले. संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो, कुट्टूची खिचडी आणि काकड्या. अन्फिसाचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं. ती चमचा खाली ठेवून म्हणाली, "बाबा, काचेपुढची लाकडी पाटी तुम्ही ओढलीच नव्हती. मी बघत होते. झाकण काढलंत, पण काचेवर उजेड पडलाच नाही. फोटो घेतलाच नाहीत तुम्ही."

दाजी खिचडी चिवडत राहिले. मग म्हणाले, "कापडाखालून बघितलं, कॅमेऱ्यात दिसतात तसे सगळे उलटे दिसत होते, हात कपाळाला लावून. मनात कुणाच्याच काही नव्हतं. जागेसाठी तुलाही तसं उभं राहावं लागलं. ते मला कायमचं करून ठेवायचं नव्हतं. ते फोटो राहतात ग, माणसं जातात आणि ते राहतात."

"पण बाबा, मी खरंच करत होते."

दाजींनी वर बघितलं.

"त्या दिवशी तुम्ही हलू नको म्हणालात, म्हणून माझी खूण राहून गेली होती," अन्फिसा म्हणाली. "ती काल केली."

मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले आणि उठून तशीच उभी राहिले. दाजी पोरीच्या तोंडाकडे बघत होते, गिऱ्हाइकाकडे बघतात तसे नाही, कधी बघितलंच नसावं तसे.

"मला वाटलं," ते म्हणाले, "तू नुसती उभी आहेस."