मावसबहिणीचा सर्व्हर आणि माझी पोटदुखी

परवा मावशीकडे पलूसला गेलो होतो. जेवण झकास झालं, पण येताना पोट दुखत होतं... कारण जेवण नव्हे, मावसबहीण माधुरी!

आम्हा दोघांना एकच खूळ. नाव-पत्ता कळू न देता लोकांना इंटरनेट वापरता यावं म्हणून जगभरची हौशी मंडळी आपापले सर्व्हर चालवतात. निरोप तीन वेगवेगळ्या सर्व्हरमधून फिरून जातो, त्यामुळे कोण कुणाशी बोलतंय हे एकट्या कुणालाच कळत नाही. त्यात आमचाही एकेक सर्व्हर आहे, भाड्याच्या जागेवर.

हे खूळ तिच्या डोक्यात घातलं मीच. आता तिचा सर्व्हर माझ्या कितीतरी पट निरोप वाहतो आणि कधी बंद पडत नाही! मला ती जागा भाड्याने देणाऱ्या होस्टिंगवाल्याने मात्र 'असले सर्व्हर आमच्याकडे नकोत' म्हणून गाशा गुंडाळायला सांगितलंय. परवडणारी दुसरी जागा मिळाली नाही तर माझा सर्व्हर कायमचा बंद.

म्हणून तिला विचारलं, तुझा सर्व्हर कुठल्या कंपनीच्या जागेवर? तर म्हणाली, "दादा, तिथं नको येऊस. लय गर्दी हाय." आणि द्राक्षांची ताटली पुढे सरकवली.

अशी जळजळ झाली म्हणता... साताऱ्यापर्यंत एसटीत नुसता धुमसत होतो. सख्ख्या मावशीची पोर, आणि एक नाव सांगवत नाही?

घरी पोचल्या पोचल्या शोधायला बसलो. या सर्व्हरचे पत्ते जाहीर असतात, त्यावरून कंपनी लगेच सापडली. स्वस्त आणि मस्त! पैसे भरण्याआधी तिला खिजवायला फोन लावला.

ती हसायलाच लागली. "आरं दादा, लपवायचंच असतं तर पत्ता उघडा असतोय हे मला म्हाईत न्हाई व्हय? आपल्यासारख्यांनी समद्यांनी तिथंच गर्दी केलीया. उद्या त्या कंपनीनं दार लावलं तर समदे एकदमच बंद! तू तुझा समदा ऊस एकाच कारखान्याला घालतोस व्हय?"

आमचा ऊस कायम दोन कारखान्यांना जातो, आणि हे मला तिने सांगावं! तिचं बरोबर होतं, म्हणून तर जास्तच झोंबलं.

शेवटी दुसऱ्याच देशातली एक छोटी कंपनी शोधली. जरा हळू आहे, पण परवडते आणि तिथे आमच्यातलं कुणी नाही. काल सर्व्हर सुरू झाला.

आता कधीतरी कुणा अनोळखी माणसाचा निरोप माधुरीकडून माझ्याकडे येईल आणि पुढे जाईल. आम्हा दोघांनाही ते कळणार नाही, पण कुणाचं तरी काम होईल. या विचाराने खरंच बरं वाटतं...

फक्त तो निरोप एकदा तरी आधी माझ्याकडे यावा, मग तिच्याकडे. एवढंच!