यादीतली शेवटची जागा

गणराज घरतला हेवा करायला मोठं कारण कधी लागलंच नाही. शाळेत शेजारच्या मुलाच्या रंगपेटीत जांभळा रंग होता आणि आपल्या पेटीत नव्हता, एवढ्यावरून त्याने महिनाभर त्या मुलाशी अबोला धरला होता. लग्नानंतर एकदा सासरी धाकट्या साडूच्या पानात सुरमईची तुकडी आपल्यापेक्षा मोठी पडली, हे त्याला चौदा वर्षांनी आजही आठवतं. बाकी माणूस सरळ. कुणाच्या अध्यात ना मध्यात. रोज सकाळी चौलहून स्कूटर काढायची, अलिबागला औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत जाऊन बसायचं, आणि संध्याकाळी तशीच स्कूटर घेऊन घरी यायचं, हा त्याचा अकरा वर्षांचा नेम.

त्या दोन खोल्यांत दत्तात्रेय सरांची छोटीशी कंपनी होती. सहा माणसं. सरांचा हात पूर्वीपासून कारखान्यातल्या यंत्रांवर बसलेला. जुन्या यंत्रांना चालवणारे कंट्रोलर बिघडले की त्यांच्या पोटातला प्रोग्रॅम फाईल म्हणून बाहेर काढायचा आणि नव्या कंट्रोलरला समजेल असा करून द्यायचा, हे काम. यातली खरी डोकेदुखी पहिल्याच पायरीला असते. समोर आलेली फाईल कुठल्या यंत्राची, हे कळायचं कसं? उघडून पाहावी तर आत नुसते आकडे. नावावर जावं तर नावं लोक मनाला येतील ती देतात. एका कारखान्यातून ‘नवीन’, ‘नवीन दोन’ आणि ‘नवीन खरं’ अशा तीन फाइली आल्या होत्या आणि तिन्ही पंधरा वर्षं जुन्या होत्या.

म्हणून सरांनी आणि गणराजने मिळून एक लायब्ररी लिहिली होती. इतर प्रोग्रॅमच्या खाली बसून गुपचूप काम करणारी. फाईल आली की ती लायब्ररी एकेका फॉरमॅटची फाईल ओळखणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, म्हणजे त्या फॉरमॅटच्या तपासणीला, क्रमाने पुढे बोलावते आणि विचारते, ही तुझी का? तपासणी सुरुवातीचे चार बाइट बघते, ओळखीची खूण सापडली तर लांबी, तारीख पडताळते आणि हो म्हणते. नसेल तर नाही म्हणून बाजूला होते, आणि पुढच्या तपासणीचा नंबर लागतो. गणराजने अगदी पहिल्या वर्षी यात एक नियम घातला होता. सगळ्या तपासण्या एकाच तक्त्यात आपल्या खुणा मांडतात. तेव्हा नाही म्हणून उठताना प्रत्येकीने तो तक्ता होता तसा करून उठायचं. मागून येणारीला स्वच्छ पाट मिळाला पाहिजे. हा नियम तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तोंडपाठ करायला लावायचा.

लायब्ररी कुणीही फुकट उतरवून घ्यावी अशी ठेवलेली होती. कुठल्या कुठल्या देशांतले लोक ती वापरत. तिच्या माहितीच्या पानावर सगळ्यात वर एकच ओळ होती: सांभाळणारे, आणि पुढे दत्तात्रेय सरांचं नाव. सरांना आता चौसष्टावं लागलं होतं. मार्चअखेर आपण यातून मोकळे होणार आणि ती ओळ दुसऱ्या कुणाच्या नावावर करणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. दुसरं कोण असणार? गणराजने मनातल्या मनात ते पान आपल्या नावासकट कितीदा तरी पाहून घेतलं होतं.

आणि मग मृणाली आली.

म्हसळ्याची पोरगी, पंचवीस वर्षांची. बोलायला मवाळ, कामाला विजेसारखी. पहिल्या महिन्यात तिने गणराजच्या तपासण्यांपैकी चार वाचून काढल्या आणि त्यातल्या एकीत आठ ओळींचं काम तीन ओळींत होतं हे दाखवलं. दाखवताना वर म्हणाली, “दादा, मला नीट कळलं नसेल तर सांगा हं.” चुकलेलं असतं तर गणराजने तिला प्रेमाने समजावलं असतं. पण ते बरोबर होतं, आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सर त्या तीन ओळी बघून हसले होते. अकरा वर्षांत आपलं काही बघून सर असे हसले होते का, हे गणराज दोन दिवस आठवत बसला.

तिचं सगळंच त्याच्या डोळ्यात खुपू लागलं. ती वेळेवर आली तर पुढेपुढे करते, उशिरा आली तर शेफारली आहे. तिने डब्यातली वालाची भाजी पुढे केली तेव्हा त्याने पोट बिघडल्याचं सांगितलं आणि वाटीभर भाजी बाकीच्यांना संपवताना पाहत बसला. घरी आला की जेवताना तेच पुराण.

शेवटी त्याची बायको सोनल वैतागली. “दहा दिस झाले, तुमच्या तोंडात दुसरं नाव न्हाय. एवढी वाईट हाय ती पोर, तर सोडा की तिचा विषय.”

“वाईट आहे असं कोण म्हणतंय?”

“मंग चांगली हाय म्हना. तेच दुखतंय व्हय तुमचं?”

गणराजने भात तसाच टाकून हात धुतले. मुख्य म्हणजे सोनलचं म्हणणं त्याला पटलं होतं, आणि त्यामुळे त्याचा आणखी तिळपापड झाला.

मार्चच्या सुरुवातीला थळजवळच्या एका बर्फाच्या कारखान्याचं काम आलं. त्यांचा कंट्रोलर वीस वर्षांचा, आणि तसलेच कंट्रोलर किनाऱ्यावरच्या आणखी सात बर्फ कारखान्यांत होते. त्या फाइलींची तपासणी लिहायचं काम सरांनी मृणालीला दिलं. गणराजला विचारलंसुद्धा नाही. तिने चार दिवसांत तपासणी लिहिली, आपल्या मशीनवर यादीच्या डोक्यावर ठेवून सगळ्या नमुना फाइलींवर चालवून पाहिली आणि लायब्ररीत घालण्यासाठी गणराजकडे पाठवली. इतरांचं नवं काही आत घेण्याचा अधिकार त्याच्याकडे होता; त्याचं स्वतःचं सर पाहून आत घेत.

यादीत कोण कुठे, याचाही रिवाज होता आणि तोही गणराजनेच पाडलेला. जास्त येणारे फॉरमॅट वर, क्वचित येणारे खाली. सगळ्यात शेवटी अकरा वर्षं गणराजची स्वतःची पहिली तपासणी होती. एका जुन्या छपाई यंत्राची, वर्षातून एकदा लागली तर लागली. आठ कारखान्यांच्या फाइली ओळखणारी मृणालीची तपासणी रिवाजाने बरीच वर बसायला हवी होती. गणराजने त्या तपासणीकडे पाहिलं, वरच्या जागा पाहिल्या. आल्या आल्या वर बसणार? त्याने तिची ओळ उचलली आणि अगदी तळाला, आपल्या तपासणीच्याही खाली नेऊन टाकली. एक ओळ तर हलवायची होती. नमुना फाइली पुन्हा चालवून बघायचे कष्ट त्याने घेतले नाहीत.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी दुपारी बर्फाच्या कारखान्यातून अल्पेशचा फोन आला. तिथली यंत्रं तोच बघायचा. “साहेब, तुमचं सॉफ्टवेअर बोलतंय, फाईल ओळखता येत न्हाय. जुना कंट्रोलर काढून ठेवलाय आमी. आता काय करू सांगा.”

मृणालीचा चेहरा पडला. तिने फाईल मागवली, आपल्या मशीनवर चालवली, तर तिथे झटक्यात ओळखली गेली. तिने तिथूनच प्रोग्रॅम बदलून पाठवला आणि संध्याकाळच्या आत कारखाना सुरू झाला. पण लायब्ररी चुकली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

गणराजला काय वाटलं म्हणाल तर आनंद झाला. उघड, धडधडीत आनंद. त्याने लगेच सगळ्यांना मेल लिहिली. ‘आपल्या मशीनवर चालतं’ याला आपल्या धंद्यात काही अर्थ नसतो, नवीन माणसांनी घाई टाळावी, तपासणीत लांबीची पडताळणी ढिसाळ असावी असं दिसतं, वगैरे वगैरे. नाव कुठेच घेतलं नाही, पण सहा जणांत नवीन माणूस एकच होता. मेल पाठवून त्याने चहा मागवला आणि बरोबर दोन बटाटेवडेही.

दुसऱ्या दिवशी मृणाली त्याच्या टेबलापाशी आली. डोळे सुजलेले होते. “दादा, माझं कुठे चुकलं ते मला सापडत नाही. तुम्ही बघाल का? तुमच्याइतकं ही लायब्ररी कुणालाच माहीत नाही.”

एवढं ऐकायला तो दोन महिने तरसला होता. “बघतो,” म्हणाला.

तिची चूक शोधायला तो उत्साहाने बसला. फाईल आत सोडली आणि एकेक पायरी थांबवत पुढे गेला. खूण जुळली. छान. मग लांबी. फाईल बाराशे बाइटांची होती, आणि मृणालीच्या तपासणीला ती लांबी दोनशे पंच्याण्णव कोटी दिसत होती. एवढी लांबी पाहून तिने नाही म्हटलं होतं, आणि ते योग्यच होतं. गणराजला हा प्रकार लगेच ओळखू आला. काही यंत्रं आकड्याचा मोठा भाग आधी लिहितात, काही लहान भाग आधी. उलट्या बाजूने वाचलं की बाराशेचे असे कोट्यवधी होतात. आकडे कुठल्या बाजूने वाचायचे, याची खूण तक्त्यात असते. ती उलटी पडली होती. मृणालीने तिला हात लावला नव्हता. मग कोणी उलटवली?

तो मागे मागे गेला. वरच्या सगळ्या तपासण्या तक्ता जागच्या जागी ठेवून उठल्या होत्या. एक सोडून. मृणालीच्या लगेच आधीची. छपाई यंत्राची. तिने खूण उलटी केली, नाही म्हटलं, आणि तशीच उठून गेली.

अकरा वर्षं. आपला नियम सगळ्या जगाला पाठ करायला लावला आणि पहिल्या दिवसापासून आपणच तो मोडत होतो. छपाईच्या तपासणीमागे कधी कुणी बसलंच नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. मृणालीची ओळ वर राहू दिली असती तर पुढची अकरा वर्षंही कळलं नसतं. गणराजची कानशिलं तापली. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, पंखा वाढवला, पुन्हा पाहिलं. खूण उलटीच होती.

शनिवारी सकाळी मृणाली हसत आली. “दादा, आकड्यांच्या बाजूची खूण माझ्याकडे उलटी येते. कशामुळे ते कळलं नाही, पण मी एक उपाय काढला. माझी तपासणी सुरू होतानाच मी ती खूण स्वतः सरळ करून घेते. दोन ओळींचं काम. सगळ्या फाइली ओळखल्या जातात. तुम्ही हो म्हणालात की झालं.”

हो म्हणालं की खरंच झालं असतं. दोष तिच्या नावावर राहिला असता, चार वाजता चहाच्या वेळी सर लायब्ररी कुणाकडे जाणार ते सांगणार होते, आणि छपाई यंत्राच्या तपासणीत कुणी आयुष्यात डोकावलं नसतं. गणराजचं बोट बटणावर गेलंही. पण त्या दोन ओळी त्याला बघवेनात. आधीच्याने पाट घाण करावा आणि मागून आलेल्याने पुसत बसावं? आज हिने पुसला, उद्या पुढचे वीस जण पुसणार. आपली लायब्ररी अशी होणार? मृणालीवर त्याचं काडीचं प्रेम नव्हतं, पण या लायब्ररीवर होतं.

“नको,” तो म्हणाला. “हे चुकीच्या जागी होतंय. मी बघतो.”

तिला वाटलं, हेही आपलं नाकारलं. ती मान खाली घालून गेली.

गणराजने आपल्या तपासणीत एक ओळ घातली: उठताना खूण पूर्ववत करणारी. बदलासोबत कारण लिहावं लागतं. ‘किरकोळ सफाई’ असं त्याने लिहिलं. पुसलं. मग लिहिलं: ‘अकरा वर्षांपूर्वीची माझी चूक. मी तक्ता पूर्ववत केला नव्हता. मृणालीची तपासणी सुरुवातीपासून बरोबर होती. गुरुवारची माझी मेल मागे घेतो. गणराज घरत.’ आणि सगळ्यांना पाठवून दिलं. पाठवल्याक्षणी त्याला स्वतःचा कडकडून राग आला.

चारला सर चहाचा कप घेऊन बाहेर आले. सगळे बसले होते. सरांनी ते वाचलेलं होतं.

“चूक झाली त्याचं काही नाही रे,” ते म्हणाले. “माझ्या चुका काढायला बसलास तर तुला रविवार पुरायचा नाही. मला एकच कळलं नाही. बर्फाचे आठ कारखाने आणि छपाईचं यंत्र एक. आपल्या रिवाजाने तिची तपासणी वर हवी होती. तू ती शेवटी का टाकलीस?”

गणराजकडे उत्तरं होती. नवीन तपासणी आधी खाली चालवून पाहावी म्हणून. घाईत लक्षात आलं नाही म्हणून. कुठलंही खपलं असतं. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच निघालं.

“ती माझ्या वर नको होती, सर.”

मृणालीने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला पहिल्यांदा कळलं की दादांच्या तुटक वागण्यातही आपलं कुठे चुकत नव्हतं.

“हं,” सर म्हणाले. त्यांनी कप ठेवला, लॅपटॉप ओढला आणि सांभाळणाऱ्यांच्या ओळीत तिथल्या तिथे मृणालीचं नाव लिहिलं. गणराजला वाटलं, आपण रडू. रडला नाही. तिथेच बसून राहिला, चहा गार होईपर्यंत.

लायब्ररीची नवी सांभाळणारी म्हणून तिच्यासमोर मंजुरीला आलेला पहिला बदल गणराजचाच होता. एक ओळ, आणि खाली त्याने लिहिलेलं ते सगळं. मृणालीने वाचलं.

“दादा, खाली हे एवढं लिहायची गरज नाही. सफाई म्हणून ठेवूया का?”

ती हे मनापासून म्हणत होती, आणि तिच्या या मोठेपणाचासुद्धा गणराजला हेवा वाटला.

“राहू दे,” तो म्हणाला. “घे तसंच.”

तिने एक अक्षरही न बदलता ते आत घेतलं.