माळ्यावरचा गारवा

ऑर्व्हिल टोलेफसन माझा शेजारी. मूळचा मिनेसोटाचा, म्हणजे घराला आग लागली तरी "आज जरा ऊब आहे" एवढंच म्हणणारा. फिनिक्सजवळच्या तापत्या मेसा शहरात येऊन त्याला बावीस वर्षं झाली, तरी तक्रार करायची म्हटली की त्याचे कान लाल होतात. हॉटेलात चुकीचं ताट समोर आलं तर मुकाट खातो, वर वेटरला म्हणतो, "हेच हवं होतं." मी ओफेलिया बराझा. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, आणि तक्रार हा माझा धर्म आहे. असा माणूस शेजारी आला की अंगाचा नुसता तिळपापड होतो.

गेल्या वर्षी ऐन जूनमध्ये त्याचा जुना एसी बंद पडला. कोणाला सांगेल तर शपथ. चौथ्या दिवशी मी त्याचं टपाल द्यायला गेले तर हा स्वयंपाकघरात जमिनीवर आडवा, डोकं उघड्या फ्रिजमध्ये. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "तुला उगाच त्रास झाला."

मुलगी मारित मिनेसोटातल्या डुलुथहून विमानाने धावत आली. पन्नाशीची बाई, बापासारखीच कमी बोलणारी, पण बोलली की करणारी. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "डॅड, आणखी एक उन्हाळा असा गेला ना, तर मी ट्रक घेऊन येणार. तुला सामानासकट नेणार. मग ऐकून घेणार नाही."

ऑर्व्हिल पांढराफटक पडला. त्याची बायको इंगर चार वर्षांपूर्वी याच घरात गेली. अंगणातलं संत्र्याचं झाड तिने लावलेलं, स्वयंपाकघराचा पिवळा रंग तिचा. त्याला त्या घरातून हलायचं नव्हतं. शहात्तर वर्षांच्या माणसाची एवढी एकच इच्छा होती, आणि ती त्याने मुलीला कधी बोलून दाखवली नाही.

म्हणून यंदा मे महिन्यात अख्ख्या घराला पाइपांनी गार हवा पुरवणारा नवा एसी आला. बसवणारा डेनी क्विलेन. त्याच्या गाडीवर पेंग्विनचं चित्र, तोंडात सतत च्युइंगगम. दोन माणसं घेऊन आला, जेवणाच्या आत काम उरकून गेला. बैठकीच्या खोलीत गारवा ठीक होता. झोपायच्या खोलीत मात्र एक्याण्णव डिग्री. आमची मोजणी फॅरनहाइटची, पण उकाडा कुठल्याही मोजणीत उकाडाच असतो.

माझ्या धाकाने ऑर्व्हिलने फोन केला. डेनी आला, बैठकीत गार हवा येते त्या जाळीसमोर हात धरला आणि म्हणाला, "गारच आहे की, तरुणा! वय झालं की उकडायचंच." ऑर्व्हिलने त्याला थँक्यू म्हटलं! नंतरचे दोन फोन डेनीने उचललेच नाहीत.

दर रविवारी मारितचा फोन यायचा. एकदा मी तिथेच बसले होते, पिझ्झाच्या जाहिरातीने वारा घेत.

"घर कसं आहे डॅड?"

"मस्त. रात्री पांघरूण लागतं."

मी त्याच्याकडे बघितलं. तो छताकडे बघत बसला.

जुलैत तो जुना टेबलफॅन शोधायला शिडी लावून माळ्यावर चढला. आमच्याकडे जुलैत माळ्यावर कोणी जात नाही. तिथे भाकरी भाजून निघेल. थोड्या वेळाने वरून हाक आली, "ओफेलिया, वर ये. येताना स्वेटर आण."

मला वाटलं, ऊन डोक्यात गेलं. चढून बघते तर काय, माळ्यावर थंडगार! इंगरच्या नाताळच्या मेणबत्त्या चुकून वर राहिल्या होत्या. एरवी मे संपेपर्यंत त्यांचा एकच गोळा झाला असता. त्या ताठ उभ्या. झोपायच्या खोलीकडे गार हवा नेणारा जाड पाइप जोडातून निखळून पडला होता, आणि डेनीचा एसी मन लावून माळा थंड करत होता.

राज्यात ठेकेदारांना लायसन्स देणारं एक ऑफिस आहे. काम बिघडवलं की तिथे तक्रार करायची. त्यांना पटलं आणि ठेकेदाराने दुरुस्ती केली नाही, तर लायसन्स जातं. मी फॉर्म आणला. 'तुमची मागणी काय?' या रकान्यात ऑर्व्हिलने सुबक अक्षरात लिहिलं, 'सवडीने दुरुस्ती, जमल्यास.' मी तो फाडला आणि दुसरा स्वतः भरला. बसमध्ये पोरांनी केलेल्या उद्योगांचे रिपोर्ट लिहून माझा हात चांगला बसलाय. ऑर्व्हिलने सही केली आणि विचारलं, "डेनीला वाईट तर नाही ना वाटणार?"

ऑफिसने कळवलं, निकाल लागेपर्यंत पाइपला हात लावू नका. झालं. ऑर्व्हिलने घडीची खाट वर चढवली, स्वेटर घातला आणि माळ्यावर झोपायला लागला. दुपारी मी जास्वंदीचं सरबत घेऊन जायची आणि आम्ही डॉमिनो खेळायचो. अख्ख्या मेसात तेवढी सुखाची जागा नव्हती. तपासणीला आलेली पोरगी दोन ओळी लिहायला पाऊण तास बसली, शिवाय एक डाव जिंकली. तिने लिहिलं: पाइप निखळलेला आहे.

मला वाटलं, जिंकलो. पण डेनी वस्ताद. त्याने उलटा अर्ज केला: मी पाइप पक्का बसवला होता, हा म्हातारा रोज माळ्यावर चढतो, तिथे झोपतो, यानेच लाथ मारून तो पाडला. सप्टेंबरमध्ये सुनावणी लागली. दोन दिवस आधी पाकीट आलं, त्यात डेनीच्या साक्षीदारांची यादी. यादीत एकच नाव: मारित टोलेफसन, डुलुथ.

सोबत पुराव्याची झेरॉक्स. जूनमध्ये मारितने डेनीला आभाराचं कार्ड पाठवलं होतं, आम्हाला पत्ताच नाही. त्यात लिहिलं होतं, 'तुमच्यामुळे माझ्या वडिलांना रात्री पांघरूण लागतं. आता मलाही झोप लागते.'

कार्डाप्रमाणे जूनमध्ये खोली गार होती, म्हणजे पाइप तेव्हा जागेवर होता. म्हणजे तो नंतर पडला, आणि नंतर माळ्यावर कोण चढलं होतं? ऑर्व्हिलच्या थापेनेच ऑर्व्हिलचा गळा धरला होता.

सुनावणीच्या दिवशी मी त्याला गाडीतून फिनिक्सला नेत होते. अर्ध्या वाटेत म्हणाला, "गाडी वळव. मी तक्रार मागे घेतो."

"आणि पुढचा उन्हाळा?"

"माळा आहे की."

"मग मारितला सगळं खरं सांग ना एकदाचं!"

"खरं सांगितलं तर ती ट्रक आणेल, ओफेलिया."

"आणि त्या शिडीवरून पडलास तर कसली गाडी येईल, माहीत आहे? एकतीस वर्षांत मी एका पोराला मधेच उतरवलं नाही. तुलाही उतरवणार नाही. पट्टा लाव."

सुनावणीच्या खोलीत जजबाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. एका बाजूला इस्त्रीच्या शर्टात डेनी, च्युइंगगमशिवाय. त्यामुळे त्याचा चेहरा रिकामा वाटत होता. टेबलावर स्पीकरफोन. डेनीने कार्ड वाचून दाखवलं आणि मारितला विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो," फोनमधून आवाज आला. "डॅडने स्वतः सांगितलं म्हणून. माझे डॅड खोटं बोलत नाहीत."

ऑर्व्हिल टेबलाकडे बघत होता. कान लालभडक.

जजबाई म्हणाल्या, "मिस्टर टोलेफसन, तुमच्या तक्रारीत लिहिलंय की पहिल्या दिवसापासून खोलीत एक्याण्णव. मुलीला सांगितलंत पांघरूण लागतं. यातलं खरं काय?"

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. तेव्हा बोलला.

"एक्याण्णव खरं. पांघरुणाचं मी मुलीला खोटं सांगितलं." मग खाकरून म्हणाला, "पुढे खरं झालं ते. माळ्यावर लागायचं."

फोनमधून अगदी हळू आवाजात, "डॅड, तू माळ्यावर झोपतोस?"

"खाट चांगली आहे."

"शिडी चढून? त्या गुडघ्याने?"

"गुडघा ठीक आहे."

"ठीक नाहीये," मी म्हटलं. जजबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बघू दिलं.

मारितचा आवाज आता चढला. "अख्खा उन्हाळा! अनोळखी ऑफिसला सगळं लिहून दिलंस. आत्ता जजना सांगितलंस. आणि मला नाही सांगितलंस?"

ऑर्व्हिल फोनजवळ वाकला. "जजबाई मला घेऊन जाणार नव्हत्या, मारित."

डेनी स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला.

"मला इथेच राहायचंय," ऑर्व्हिल म्हणाला. "तुझ्या आईच्या घरात. हे तुला आधीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस तर माझ्याकडे दुसरं काही सांगायला नव्हतं."

डेनीने घसा साफ केला. "मॅडम, याचा माझ्या पाइपशी काय..."

"खूप संबंध आहे," जजबाई म्हणाल्या. "तुमचा सगळा बचाव त्या कार्डावर उभा होता. बसा. साक्षीदार, तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

फोनमधून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "हो. त्या पेंग्विनवाल्याचं लायसन्स ठेवायचं की घालवायचं ते तुम्ही ठरवा. पण 'मी मस्त आहे' म्हणायचं माझ्या बापाचं लायसन्स आजपासून रद्द. ट्रक आणत नाही, डॅड. राहा तिथे. पण रोज संध्याकाळी फोन, आणि खोलीचा आकडा ओफेलिया वाचेल. तुझ्यावर माझा विश्वास नाही."

"बरोबर आहे," ऑर्व्हिल म्हणाला.

निकालात डेनीला पंधरा दिवसांची मुदत मिळाली: पाइप जोडा, नाहीतर लायसन्स विसरा. तो तिसऱ्याच दिवशी आला. एसी बंद करून माळ्यावर दोन तास होता, घामाघूम होऊन उतरला आणि कोणाला तरुण म्हणाला नाही. संध्याकाळपर्यंत झोपायच्या खोलीत शहात्तर.

तेव्हापासून मला नोकरी लागली. रोज सहा वाजता त्याच्या घरी जायचं, भिंतीवरचा आकडा वाचायचा आणि डुलुथला कळवायचा. मी कुरकुर करते, पण मोलेचा तिखट रस्सा केला की वाटी घेऊन जाते, म्हणजे खेप फुकट जात नाही. पहिले आठ दिवस ऑर्व्हिल शेजारी नुसता उभा राहायचा, जामिनावर सुटल्यासारखा.

नवव्या दिवशी मी "शहात्तर" म्हटलं आणि फोन ठेवणार, तेवढ्यात त्याने तो माझ्या हातातून घेतला.

"मारित, गुडघा दुखतोय," तो म्हणाला. "खूप दुखतोय. डाव्या कानाने ऐकू येत नाही. एकट्याने जेवायला मला आवडत नाही." मग थांबला. "आणि तुझ्या आईची आठवण येते. रोज येते."

मी दाराकडे वळले. चार वर्षांत त्या माणसाच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला तिथे उभं राहवेना. तरी ऐकू आलंच. बहिऱ्या कानापायी तो फोन स्पीकरवर ठेवतो.

"मलाही येते, डॅड," मारित म्हणाली. "मला वाटायचं, तू मस्त आहेस, म्हणून मी बोलायची नाही."