वॉल्टरची सात वर्षं

"मुग्धा-सान, हा शिक्का तुझाच ना?" छापील पुस्तिकेतली चूक दाखवायला गेले, तर आमचे ऑफिसप्रमुख कुलकर्णी सरांनी प्रूफ माझ्यापुढे सरकवलं.

माझाच होता. आणि त्याच पानावर, पियानोवादक वॉल्टरच्या परिचयात, छापलं होतं : 'यानंतर सात वर्षं त्यांनी आत्मशोधासाठी विश्रांती घेतली.'

विश्रांती! मी स्वतः वॉल्टरची मुलाखत घेतली होती. एक्याऐंशी वर्षांचा हा अमेरिकन जॅझ पियानोवादक ती सात वर्षं पोस्टात पत्रांची वर्गवारी करत होता. त्याच्या शहरातले क्लब काळ्या वादकांना मागच्या दाराने आत घेत आणि मधल्या वेळात स्वयंपाकघरात बसवत. हा म्हणाला, पुढच्या दाराने येईन, नाहीतर वाजवणार नाही. क्लबमालकांनी एकमेकांना फोन केले. काम बंद. हे सगळं मी जसंच्या तसं लिहून दिलं होतं.

आमची कंपनी टोकियोतल्या हॉलसाठी कार्यक्रमाच्या पुस्तिका बनवते. छपाईआधी प्रूफ ऑफिसभर फिरतं. वाचून झालं की प्रत्येकाने आपल्या नावाचा छोटा शिक्का मारायचा, त्याला हांको म्हणतात. माझी पाळी सहावी होती. वर पाच शिक्के होते. मजकूर माझाच, परत काय वाचायचा? एका हातात ओनिगिरी, म्हणजे जपानी भाताचा गोळा, दुसऱ्या हाताने ठप्प. आधीच्या पाचांनी तरी काय वेगळं केलं असणार!

"सर, हे बदललं कुणी?"

"मी. हॉलवाले म्हणाले, रविवारची दुपार आहे, लोक आईवडिलांना घेऊन येतात. उदास वाटेल."

"म्हणून खोटं छापायचं?"

"खोटं काय त्यात? जरा गोड करून सांगितलं."

"लोकांनी त्याचं काम तोडलं, सर! त्याला तुम्ही आत्मशोध म्हणता?"

"अगं बाई, ही पुस्तिका आहे, तुझं मोर्च्याचं पत्रक नाही. आणि छापून झालीये. आठशे प्रती."

पुण्यात कॉलेजात मी खरंच पत्रकं लिहायचे, वाटायचे. दाराखालून कागद आत सरकवायची ती सवय हाताला अजून आहे. जपानमध्ये छापील चूक सापडली की शुद्धिपत्राची चिठ्ठी आत घालतात. त्यावर कुणी वाद घालत नाही. मी जागेवर जाऊन हॉलला सरळ मेल टाकली : पुस्तिकेत माहितीची चूक आहे, कलाकाराचं म्हणणं सोबत जोडलं आहे. तासाभरात त्यांचं उत्तर आलं. चिठ्ठी घाला.

सर माझ्या टेबलापाशी आले. या वेळी ते जपानी आदराचं 'सान' नव्हतं.

"शहाणी आहेस. आता हॉलला लेखी माफीनामा जाणार. त्यात चूक कुणाची ते लिहावं लागतं. माझं नाव जाणार नाही."

"माझं घाला."

"तुझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचंय. व्हिसाचा विचार केलास?"

"केलाय, सर. तुम्ही माफीनामा काढा."

रविवारी सकाळी हॉलच्या लॉबीत बसून मी एकटीने आठशे चिठ्ठ्या घातल्या. क्लबचं मागचं दार, स्वयंपाकघर, पोस्ट, सगळं चार ओळींत. मग ग्रीनरूममध्ये जाऊन वॉल्टरला एक प्रत दिली. त्याने चष्मा लावून चिठ्ठीची इंग्रजी बाजू दोनदा वाचली.

"त्या पोस्टाच्या नोकरीवर माझी मुलगी शिकली," तो म्हणाला. "ते लिहायचं राहिलं."

मी विचारलंच नव्हतं. मला फक्त अन्यायाची बाजू हवी होती.

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. कारण लिहिलं होतं : प्रूफ तपासण्यात निष्काळजीपणा. संताप याचा येतो की कारण खरं आहे. वाक्य फिरवणारा माणूस खुर्चीत आहे, न वाचता शिक्का मारणारे पाच जण आपापल्या टेबलावर आहेत, आणि मी टोकियोतल्या कोतो भागातल्या घरी बसून नोकरीचे अर्ज भरतेय.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना एवढंच सांगेन : आपण लिहिलेला मजकूर परत हातात आला की परक्याचा समजून वाचा. बहुतेक वेळा तो तोवर परक्याचा झालेला असतो.