परतीवाल्यांची एकेरी बोट

परतीवाल्या काकांचं खरं नाव त्यांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या पाटीवर लिहिलेलं होतं. पण त्या पाटीवर इतकी धूळ साचली होती की ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. सगळा बाजार त्यांना परतीवाले म्हणे आणि त्यांनाही ते आवडे. ट्रकच्या धंद्यात त्यांचं एकच म्हणणं होतं: जाताना काय, कुणीही कमावतो, खरी अक्कल परतीला लागते. माल टाकून रिकामी येणारी गाडीही डिझेल पिते, ड्रायव्हरचा भत्ता खाते. म्हणून अशा रिकाम्या गाड्या हेरायच्या, त्यांत लोकांचा माल स्वस्तात चढवायचा आणि मधली दलाली घ्यायची, हा काकांचा उद्योग. त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

हे वेड धंद्यापुरतं राहिलं असतं तर काकूंचा संसार सुखाचा झाला असता. पण काका कुठूनच रिकाम्या हातांनी परत येत नसत. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीहून काकू घरी आल्या त्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून, मागे सिमेंटची पोती. स्वतःच्या वडिलांना दवाखान्यात पोचवायला गेलेले काका संध्याकाळी तिथल्या वॉर्डबॉयचा जुना फ्रीज घेऊन परतले होते. "जागा होती गाडीत," ते म्हणाले. सासरे कसे आहेत हे काकूंना तीनदा विचारावं लागलं.

काकूंना एक थोरली बहीण होती. ती लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली आणि तिकडचीच झाली. दोघींची कित्येक वर्षांत गाठ नव्हती, कारण ताईचे गुडघे तिला घराबाहेर पडू देत नव्हते आणि काकूंचं विमानाशी हाडवैर होतं. दोनदा तिकीट काढून त्या विमानात बसल्या, पट्टा लावला, आणि दार लागायच्या आत पट्टा सोडून खाली उतरल्या. दुसऱ्या वेळी तर हवाई सुंदरीचा हात धरून म्हणाल्या, "पोरी, माझं ऐक, तूही उतर." ती दोन्ही तिकिटं वाया गेली, याचं दुःख काका अजून अधूनमधून उगाळत असत.

अशात ताईचा फोन आला. डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, नजर जाणार, फार तर वर्षभर काढेल. ताई रडली वगैरे नाही. ती म्हणाली, "आवाज काय गं, नंतरही ऐकू येईल तुझा. मला तुझं तोंड बघायचंय. दिसतंय तोवर ये."

काकूंनी फोन ठेवला आणि काकांना सांगितलं, "बोट बघा."

बोटीची तिकिटं काढून देणाऱ्या बाईंचं ऑफिस बाजाराच्या टोकाला, चष्म्याच्या दुकानावर होतं. या बुकिंगवाल्या बाई तोंडाने तिखट पण कामाला चोख. त्यांनी नेहमीच्या सफरींचे दर सांगितले, तेव्हा काकांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. ते पाहून बाई म्हणाल्या, "एक स्वस्त प्रकार आहे. मोसम बदलला की बोटी इकडच्या समुद्रातून तिकडच्या समुद्रात जातात. इकडचे पर्यटक संपले, तिकडचे सुरू. मधलं पाणी ओलांडायलाच लागतं. ती फेरी एकेरी. वाटेत बंदरं फारशी नाहीत, दिवसच्या दिवस नुसतं पाणी, त्यामुळे गिऱ्हाईक कमी. म्हणून निम्म्याहून कमी भाड्यात देतात."

काका उभेच राहिले. "म्हणजे रिकामी गाडी!"

"गाडी नाही हो, अकरा मजल्यांची बोट आहे."

"मजले असू द्यात बाई. रिकामी जातेय ना?"

त्या दिवशी काका घरी आले ते पायांनी आले की पंखांनी, कुणास ठाऊक. इतकी वर्षं रस्त्यावर जे हेरलं ते समुद्रातही होतं, आणि त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! जेवताना ते काकूंना बाईंनी सुचवलेल्या तीन बोटींची कुंडली सांगत बसले. पहिली बोट वाटेत पाच देशांना टेकणार, म्हणजे पाच व्हिसे; ती बाद. दुसरी सगळ्यांत स्वस्त, पण जिथे उतरवणार तिथून ताईचं गाव आगगाडीने दीड दिवस, म्हणजे वाचवलेलं भाडं रेल्वेच्या घशात. तिसरी थेट ताईच्या शहराला लागणारी. कर, बंदराचे आकार, बोटीवरच्या नोकरांची रोजची बक्षिसी, सगळं धरूनही परवडणारी.

"तिसरी ठरली," काका म्हणाले. "आणि खोली आतली घ्यायची, बिनखिडकीची. तीच सगळ्यांत स्वस्त. माल कुठे खिडकीतून बाहेर बघतो?"

"मी माल आहे का?" काकूंनी विचारलं.

काकांनी पाणी पिऊन वेळ मारून नेली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण तिकीट घेतील तर ते काका कसले? रिकामी गाडी सुटायच्या बेतात आली की मालक काकुळतीला येतो आणि भाडं पाडतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. तोवर आपण गरज दाखवायची नाही. तेव्हा काका रोज चष्म्याच्या दुकानावरचा जिना चढू लागले. पायावर पाय टाकून बसायचे, बाईंचा चहा प्यायचे, एक मोठी जांभई द्यायचे आणि जाता जाता विचारायचे, "सहज आलो होतो. आज काय भाव?"

आणि भाव पडला की हो! काकांनी ते घरी येऊन असं सांगितलं, जणू त्यांनी बोटीच्या कंपनीला दम दिला होता. आठवड्याने पुन्हा पडला.

"आता घ्या," काकू म्हणाल्या. त्यांची बॅग कधीच भरून दाराशी उभी होती.

"अजून एकदा पडणार. लिहून देतो."

"अहो, भाव उतरतोय तशी ताईची नजरही उतरतेय. काल चहा कपाच्या बाहेर ओतला तिने. हसून सांगत होती."

काकांनी खिशातलं पाकीट चाचपलं. पण खोड ती खोड, ती काय एका कप चहाने जाते? "उद्या नक्की," ते म्हणाले.

उद्या ते जिना चढले, पायावर पाय टाकला, जांभई दिली आणि भाव विचारला. बाई म्हणाल्या, "भाव कसला? बोट भरली. बँकेतल्या निवृत्त लोकांचं एक मंडळ आहे. त्यांनी काल संध्याकाळी उरलेल्या सगळ्या खोल्या एकदम उचलल्या."

"अहो, पण मी रोज येत होतो!"

"येत होतात. चहा पीत होतात. घेतो म्हणून कधी बोलला नाहीत. ते आले आणि बोलले."

काकांचा धाकटा भाऊ ऑफिसात त्यांचा भागीदार होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं आणि एवढंच म्हणाला, "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा." एरवी काकांनी त्याला फाडून खाल्लं असतं. आज त्यांनी उठून घरचा रस्ता धरला.

घरी काकू चिडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. चिडणाऱ्या बाईला समजावता येतं, हात जोडता येतात, वेळ पडली तर घराबाहेर पळता येतं. पण काकूंनी ऐकलं, दाराशी उभी असलेली बॅग आत नेली, पलंगावर आडवी केली आणि एकेक कपडा काढून कपाटात ठेवायला घेतला. घडी जराही मोडू न देता. मध्ये एकदा त्यांनी काकांना सांगितलं, "जरा बाजूला व्हा, फळी दिसत नाहीये." काका बाजूला झाले. त्यांना लाज वाटली. एकदा एका कारखानदाराने त्यांचे पैसे बुडवले आणि सगळा बाजार हसला होता, तेव्हासुद्धा एवढी वाटली नव्हती. हिने आयुष्यात माझ्याकडे मागितलं काय, तर बहिणीला एकदा तोंड दाखवणं, आणि ते मी भाव करता करता घालवलं, हे त्यांच्या मनातून हलेना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ऑफिसचं कुलूप काढलं तेव्हा काका जिन्यावरच बसले होते. पायावर पाय नव्हता. जांभईही नव्हती.

बाईंनी बरीच शोधाशोध केली. "एक आहे. मोसमातली शेवटची बोट, ताईंच्याच शहराला लागते. एकच खोली उरलीये, बाल्कनीची. भाडं तुमच्या आतल्या खोलीपेक्षा बरंच जास्त. आणि पडणार नाही, दुसऱ्या एका पार्टीनेही विचारलंय."

काकांचं तोंड सवयीने उघडलं. आतून "काही कमी" एवढे शब्द ओठांपर्यंत आले. काकांनी तोंड मिटलं, ते शब्द गिळले आणि म्हणाले, "घेतो. लगेच करा."

बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं आणि न मागता चहा सांगितला. मग तिकीट करता करता त्यांनी विचारलं, "आणि परतीचं काय करायचं?"

काकांच्या हातात कप होता. तो तसाच राहिला.

"परतीचं?"

"काकू विमानात बसत नाहीत ना? आणि ही बोट आता मोसम उलटला की इकडे यायची. सहा महिन्यांनी."

सबंध बाजाराला परती शिकवणारे काका, त्यांनी इतके दिवस बोटी पाहिल्या, बंदरं पाहिली, बक्षिसीसुद्धा हिशेबात धरली. घरी परत कसं यायचं, हे मात्र त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी काकूंना सगळं एका दमात सांगितलं. "तिकीट काढलं. बाल्कनीचं."

"कितीला पाडलं?"

"नाही पाडलं."

काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"आणि एक राहिलं," काका खाली बघत म्हणाले. "परतीची बोट सहा महिन्यांनी आहे. मी विसरलो."

"काय विसरलात?"

"परत यायचं."

 काकू जे हसायला लागल्या ते पलंगावर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. शेजारीण दारात डोकावून गेली. काकाही हसले, पण जपून. "अगं, पण सहा महिने मी तिथे करू काय?" त्यांनी विचारलं.

"तुमचं तुम्ही बघा," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "मी ताईला बघणार आहे." आणि त्यांनी कपाट उघडून बॅग पुन्हा भरायला घेतली.

धाकट्या भावावर ऑफिस सोपवून दोघं बोटीवर चढली. काकांना पहिले काही दिवस मोकळ्या गच्च्यांकडे आणि जिन्यांकडे बघूनच घास गोड लागेना. एकदा कप्तान प्रवाशांची विचारपूस करायला आला, तेव्हा त्यांनी त्याला गाठून विचारलं, "तळाला काय भरलंय?" कप्तान म्हणाला, "पाणी. बोट स्थिर राहायला वजन लागतं ना." काका दोन दिवस अस्वस्थ होते. "समुद्रातून समुद्रात पाणी वाहून नेतायत," ते भेटेल त्याला सांगत सुटले, "आणि त्याचं कुणाकडून भाडंसुद्धा घेत नाहीत!" काकू मात्र बाल्कनीत बसून असायच्या. समोर पाणी, त्यापुढे पाणी. जमीन जवळ यायला लागली तशा त्या बोलेनाशा झाल्या. एकदाच म्हणाल्या, "ओळखेल ना हो?"

बंदरावर उतारूंच्या दारापाशी गर्दी होती. ताई सुनेचा हात धरून सगळ्यांत पुढे उभी होती, मान उंच करून. सामानाच्या गाड्या ढकलत माणसं बाहेर पडत होती. काकूंच्या पुढे त्यांच्याच उंचीची एक बाई चालली होती. ती जवळ येताच ताईने सुनेचा हात सोडला आणि त्या बाईचे दोन्ही हात घट्ट धरले. "आलीस गं! आलीस एकदाची!"

त्या बिचाऱ्या परक्या बाईने हात सोडवूनही घेतले नाहीत. पण काकू जागच्या जागी थांबल्या. उशीर झाला, आपण उशिरा आलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेलं काकांनी पाहिलं, आणि त्यांना वाटलं, त्या जांभया दिल्या नसत्या तर बरं झालं असतं.

"ताई," काकू म्हणाल्या. "मी इकडे आहे गं."

ताई आवाजाच्या दिशेने वळली. तिने हात पुढे केले, काकूंचं तोंड ओंजळीत धरलं आणि इतकं जवळ ओढलं की नाकाला नाक लागलं. "थांब. हलू नकोस." ती कपाळ बघत होती, मग एक डोळा, मग दुसरा, मग हनुवटी. "नाक तेच आहे. केस मात्र सगळे पांढरे करून बसलीस, मला न विचारता."

"दिसतात तुला?"

"इतक्या जवळून दिसतात."

मग काकूंना रडू आवरेना, आणि ताई ओरडली, "रडू नकोस गं, तोंड वेडंवाकडं होतं, मला नीट बघू दे!"

त्या दोघी बरोबर दारात उभ्या होत्या. मागे सामानाच्या गाड्या एकीवर एक थटल्या, माणसं कुरकुरायला लागली. गणवेशातला पहारेकरी पुढे आला. "आजोबा, यांना बाजूला घ्या. सगळं दार अडलंय. अजून किती वेळ?"

जन्मभर एकेका मिनिटाच्या खोळंब्यावरून ड्रायव्हरांचं डोकं खाणाऱ्या काकांनी आपली सामानाची गाडी त्या दोघींच्या मागे आडवी लावली आणि ते तिच्यासमोर हात पसरून उभे राहिले.

"बघू द्या हो तिला," ते म्हणाले. "आधी पोटभर बघू द्या."