तिसरी फेरी

संस्थेत तिचं नाव पडलं होतं तिसरी फेरी. घरोघर जाऊन सर्वेक्षणाचे फॉर्म भरायचे, हे तिचं बावीस वर्षांचं काम. दार बंद दिसलं की बाकीच्या बाया शेजारणीला विचारून रकाने भरत आणि मोकळ्या होत. ही नाही. सकाळी कुलूप दिसलं तर दुपारी जायची, दुपारीही कुलूप तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तिसऱ्या फेरीलाही दार उघडलं नाही, तरच वयाच्या रकान्यात ९९ लिहायची. ९९ म्हणजे माणूस भेटला नाही. कुणी खरोखरच नव्व्याण्णव वर्षांचं निघालं तर त्याला ९८ लिहायचं, म्हणजे घोळ नको. या खुणांची यादी एका पिवळ्या कागदावर होती आणि तो कागद तिच्या पिशवीत असायचा.

दोनदा कुत्रं चावलं, जिन्यावरून पडून गुडघा कायमचा दुखावला, पण ऐकीव उत्तर तिने कधी लिहिलं नाही. "शेजारणीने सांगितलेलं वय म्हणजे दुसऱ्याच्या चपलेचं माप," असं ती म्हणायची.

सर्वेक्षणाचे प्रमुख असलेले सर मात्र उंटावरून शेळ्या हाकणारे. गिरणीमागच्या वस्तीतली चारशे बारा घरं तिने चार महिन्यांत पालथी घातली. सर एकदाही तिकडे फिरकले नाहीत. शेवटचा गठ्ठा टेबलावर ठेवला, त्याच आठवड्यात भर बैठकीत ते म्हणाले, "या बाई घरी बसून फॉर्म भरतात. यांच्यावर विसंबता येणार नाही."

या धंद्यात याहून घाण शिवी नाही. चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिला काढून टाकलं आणि ती बातमी तिच्या आधी सगळीकडे पोचली. तीन संस्थांनी तिला दारातूनच परत पाठवलं. ज्या बाईने हजारो दारं वाजवली, तिला आता एकही उघडेना. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं, देव बघतोय." ती म्हणाली, "आई, देवाला बघू दे. मी पण बघतेय." तिने डूख धरला होता.

वर्षभराने सरांचं पुस्तक आलं. तिने ते वाचनालयात उभ्यानेच उघडलं. तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं: "प्राथमिक माहिती. लेखकाने स्वतः घरोघर जाऊन गोळा केली." पुढचे सगळे तक्ते तिचे. फॉर्म खोटे होते, तर पुस्तकात कसे गेले? आणि खरे होते, तर तिचं तोंड काळं का केलं? त्या एका ओळीत 'दुय्यम माहिती', म्हणजे दुसऱ्याने गोळा केलेली, एवढं जरी असतं, तरी कुणाकडून घेतली ते सांगावं लागलं असतं. म्हणून तर तो शब्द गाळला होता. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बीळ मीच खणलं म्हणतो! रागारागाने ती पानं उलटत गेली.

मग चौथं प्रकरण आलं, 'दीर्घायुषी वस्ती'. गिरणीमागे नव्व्याण्णव वर्षांची त्रेचाळीस माणसं आहेत म्हणे. सत्त्याण्णवचं एकही नाही, अठ्ठ्याण्णवची एक म्हातारी, आणि नव्व्याण्णवची एकदम त्रेचाळीस! वस्तीच्या हवापाण्यावर सरांनी अकरा पानं खर्ची घातली होती. वाचनालयाच्या बाई ओरडल्या, इतक्या मोठ्याने ती हसली.

पिवळा कागद सरांनी कधी मागितलाच नव्हता. असं काही असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आता चिठ्ठी पाठवून चूक कळवणं तिच्या हातात होतं. पण मग दुसऱ्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्ती झाली असती आणि ती मात्र घरी बसून फॉर्म भरणारीच राहिली असती. आठ महिने ती गप्प बसली.

संचालकपदासाठी सरांचं नाव पुढे आलं, तेव्हा निवड समितीने पुस्तकावर खुली चर्चा ठेवली. ती शेवटच्या रांगेत बसली. प्रश्न विचारा म्हटल्यावर उठली.

"सर, नव्व्याण्णव वर्षांच्या माणसांपैकी कुणाशी बोललात तुम्ही?"

सरांनी तिला ओळखलं, पण सभा भरलेली. हसून म्हणाले, "बऱ्याच जणांशी. घर क्रमांक दोनशे सातच्या आजींनी तर स्वतःच्या हाताने पाणी दिलं मला."

बस, एवढंच हवं होतं तिला. लंगडत पुढे गेली आणि पिवळा कागद समितीच्या टेबलावर ठेवला.

"दोनशे सातला कुलूप होतं. मी तीनदा गेले. नव्व्याण्णव म्हणजे वय नाही, साहेब. नव्व्याण्णव म्हणजे दार उघडलं नाही."

समितीतल्या म्हाताऱ्या बाईंनी कागद वाचला, पुस्तक चाळलं आणि तोंडाला पदर लावला. मागून कुणीतरी मोजायला लागलं, "सत्त्याण्णवचा एक नाही..." आणि सभागृहात हशा पिकला. सर सपशेल तोंडघशी पडले. तिला जराही दया आली नाही. उलट तो हशा आणखी थोडा वेळ चालावा, असं तिला वाटत होतं.

पद गेलं, नोकरीही जायची वेळ आली. मग सर तिच्या घरी आले. गोंधळ खुणांमुळे झाला, एवढं तिने लिहून दिलं की त्यांची नोकरी वाचणार होती. सकाळी आले, ती आतच होती. दुपारी आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा कडी वाजली.

"उघड की गं," सासूबाई कुजबुजल्या. "तीनदा आलाय बिचारा."

"मोजतेय ना मी, आई."

बाहेरून आवाज आला, "बाई, घरात आहात ना?"

ती दाराशी गेली. कडीला हातही लावला नाही.

"तिसरी फेरी झाली, सर," ती आतून म्हणाली. "आता नव्व्याण्णव लिहा."