मापकाकूंची भिंत

मापकाकूंना दुकान असं नव्हतंच. खिडकीपाशी शिलाई मशीन, गळ्यात कायम टेप आणि तोंडात टाचण्या, एवढाच पसारा. तोंडात टाचण्या असताना त्या बोलायच्याही, आणि समोरच्याला सगळं कळायचंही. कसं, ते देव जाणे! दारात कोणी आलं की या-बसा नंतर, आधी नजरेनं माप. "कंबर वाढली हो तुमची," असं त्यांनी एकदा खालच्या मजल्यावरच्या बँकेतल्या साहेबांना भर जिन्यात सांगितलं. तेव्हापासून साहेब त्यांच्या दारावरून जाताना पोट आत घेतात. काकूंचं हे नाव पडलं ते असं.

लग्न झालं बेचाळिसाव्या वर्षी. घोडनवरी म्हणणारे म्हणाले. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. पहिली बायको जाऊन चार वर्षं झालेली, पदरात एक मुलगी. दिवसभर हा गृहस्थ लिफ्टच्या मोटारीशी गप्पा मारायचा आणि घरी आला की मौनव्रत. मुलीला तो लाडानं ठकी म्हणायचा.

ठकी वाईट नव्हती हो. उलट उत्तर नाही, आदळआपट नाही. ताट वाढलं की जेवायची, कपडा शिवला की घालायची आणि "थँक्यू काकू" म्हणायची, अगदी गिऱ्हाइकासारखं. भांडून घर डोक्यावर घेतलं असतं तरी मापकाकूंना बरं वाटलं असतं. गिऱ्हाइकाबरोबर माणूस किती दिवस संसार करणार?

कारण भिंतीवर होतं. हॉलच्या मोठ्या भिंतीवर नुसताच एक खिळा होता आणि त्याच्याखाली रंगाचा एक चौकोन, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. तिथे ठकीच्या आईचा फोटो असायचा. बापाच्या दुसऱ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तो उतरला आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेला. कोणी उतरवला, हे ठकीनं विचारलं नाही. तिनं आपलं मनाशी ठरवून टाकलं, की हे काम नवीन आलेल्या बाईचं. मापकाकूंना ते पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि कळूनही त्या तोंडात टाचण्या धरून गप्प बसल्या.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. ठकीची शाळा संपली. निकाल लागला की आपण मावशीकडे राहायला जाणार, तिच्याच गावातल्या कॉलेजात शिकणार, असं तिनं जेवताना जाहीर केलं. बाप म्हणाला, "बघू." त्या माणसाचं अख्खं आयुष्य 'बघू'वर चाललेलं! मापकाकूंनी मात्र त्या दिवशी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. खरं सांगायचं तर जीव जडला होता त्यांचा त्या अबोल पोरीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फर्मान काढलं, "ही भिंत भरायची."

"भरायची म्हणजे?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

"फोटो लावायचे, सगळ्यांचे. घरात माणसं राहतात असं दिसायला नको? वेटिंग रूममध्ये बसल्यासारखं वाटतं मला."

बाजारातल्या फ्रेमांकडे बघायची सोय नव्हती. काकू भंगारवाल्याकडे गेल्या आणि पिशवी भरून फ्रेमा घेऊन आल्या. कुणाची काच फुटलेली, कुणाचा कोपरा निखळलेला, आणि एकीत तर कोण कुठला पहिलवान दंड फुगवून तसाच उभा! कोपऱ्यांना डिंक लावून त्या सुतळीनं आवळल्या, दाराला देऊन उरलेला पांढरा रंग सगळ्यांना फासला, तेव्हा कुठे ती जाडी-बारकी मंडळी एका घरातली वाटायला लागली. शर्टांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून फोटोंना आतून कडा केल्या. फोटो कमी पडले तिथे भरतकामाच्या लाकडी रिंगा कामाला आल्या. एकीत ठकीच्या जुन्या फ्रॉकची फुलं ताणून बसवली, दुसरीत नवऱ्याच्या विटक्या शर्टाचे चौकडे.

"आणि या पहिलवानाचं काय करायचं?" काकूंनी विचारलं.

"राहू द्या," ठकी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "घरात कोणीतरी धट्टंकट्टं दिसेल."

खिळे मात्र काकू ठोकू देईनात. आधी पेपर कटिंग! प्रत्येक फ्रेमेच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापला, त्यावर खडूनं नाव घातलं आणि चिकटपट्टीनं भिंतीवर लावला. मग सुरू झाली सरकवासरकवी. बाप चहा पिता पिता एखादा कागद वर न्यायचा, दुपारी काकू तो खाली आणायच्या. ठकी सुरुवातीला तिकडे बघायचीही नाही. पण एक दिवस काकूंना पहिलवान दाराच्या वर गेलेला दिसला, राखण करायला ठेवावा तसा. काकूंनी त्याला हात लावला नाही. मधोमध एक सगळ्यात मोठा कागद होता. त्यावर तेवढं नाव नव्हतं.

शेवटी एका रविवारी लिफ्टवाला हातोडी घेऊन स्टुलावर चढला. पहिली फ्रेम कागदावर धरली, तर कागद चारही बाजूंनी बोटभर बाहेर. दुसरी धरली, तेच.

"अगं, हे काय? सगळेच कागद मोठे!"

मापकाकूंनी जीभ चावली. शिलाईत कापड जातं, शिवाय वाढत्या अंगाला थोडं जास्तीचं हवं. इतक्या वर्षांची हाताची खोड. "मार्जिन सोडलं मी," त्या पुटपुटल्या.

"फोटोंना? फोटो काय वाढणार आहेत?"

"पहिलवान वाढेल की," ठकी म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू फुटलं. तिला हसताना बघून बाप हसला, मग काकू हसल्या, आणि तिघं पोट धरधरून हसली. हातोडी खाली पडली तरी कोणाला थांबवेना.

कागदांच्या कडा कापल्या, सगळे एकमेकांजवळ सरकवले, तर मोठ्या कागदाच्या शेजारी एक जागा उघडीच पडली. "राहू दे," काकू म्हणाल्या. "मिळेल काहीतरी."

"आणि हा मधला मोठा कुणाचा?" ठकीनं विचारलं.

काकू आत जाऊन फ्रेम घेऊन आल्या. नवी काच घातली होती ती फक्त हिलाच. "तुझ्या आईचा."

ठकीचं हसू मावळलं. "मग काढलात कशाला?"

मापकाकू फ्रेम पुसत राहिल्या. स्टुलावरून आवाज आला, "मी काढला." लिफ्टवाला भिंतीकडेच बघत होता. "हिला कसं वाटेल, म्हणून. ही तर पहिल्या दिवसापासून मागे लागलीय, परत लावा, परत लावा. मीच आपला बघू, बघू करत राहिलो."

ठकी काकूंकडे वळली. "दीड वर्ष मी तुमच्याशी असं वागले. सांगितलं का नाहीत मला?"

"काय सांगू?" मापकाकू भडकल्याच. "तुझ्या बापाची चुगली करू? आई गेलीच होती तुझी. उरलेल्या एका बापाशी तुझं वाकडं करून या घरात शिरू? माझ्यावर राग धरलास तर धरलास, मी काय परकीच होते!"

आईचा फोटो ठकीनं स्वतःच्या हातानं लावला. मग काकूंच्या गळ्यातला टेप न विचारता ओढून घेतला, उघड्या पडलेल्या जागेचं माप घेतलं, वर्तमानपत्राचा एक चौकोन कापला आणि आईच्या शेजारी चिकटवला.

"हा कुणाचा?" बापानं विचारलं.

"यांचा. अख्ख्या घराचे कागद कापले, स्वतःचाच विसरल्या."

"माझा कसला फोटो!" काकू म्हणाल्या. "लग्नातल्या फोटोत डोळे मिटलेत माझे. नवीन काढायचा म्हणजे वेळ लागणार, आणि तोवर तू..."

"लागू दे की वेळ," ठकी म्हणाली. "मावशीला मी फोन करते आज. सावकाश काढू फोटो. मला कुठं जायचंय?"